स्ट्रीट एक, वर्गण्या तीन

भिलाईला दलाल स्ट्रीट नव्हती, बाकी स्ट्रीट मात्र हव्या तेवढ्या होत्या. सेक्टरला आकडा, स्ट्रीटला आकडा, क्वार्टरला आकडा. माणसांची ओळख खात्यावरून. समोर रेल मिलवाले काका, डावीकडे कोक ओव्हनवाले, मागच्या रांगेत प्लेट मिलवाले आणि आमचे बाबा वायर रॉडवाले. आडनावं रेशनकार्डावर आणि मराठी मंडळाच्या पावतीवर. या चार घरांत मिळून ऐंशीच्या दशकात पैशाअडक्याच्या वाचनाच्या तीन वर्गण्या होत्या. त्या कोणत्या असाव्यात यावर जेवढा खल झाला तेवढा आमच्यापैकी कोणाच्या लग्नातही झाला नाही, असं ताई अजून म्हणते.

आमच्या आईबाबांच्या पिढीतली बहुतेक मराठी घरं विदर्भातून आलेली. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूरच होती, त्यामुळे भिलाईला जाणं म्हणजे परमुलखात जाणं असं कोणाला वाटलं नाही. १९५५ च्या फेब्रुवारीत पोलादाच्या प्लांटसाठी रशियाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली भट्टी सुरू झाली आणि पाठोपाठ नागपूर-वर्ध्याकडची डिप्लोमा झालेली पोरं ट्रंक घेऊन दुर्ग स्टेशनवर उतरायला लागली. प्लांटने त्यांना सगळं दिलं: क्वार्टर, दवाखाना, पोरांना शाळा, मैत्रीबागेत रविवार. एकच गोष्ट दिली नाही, ती म्हणजे स्वतःचं घर. रिटायर झालं की क्वार्टर खाली करायचं. ही तारीख प्रत्येक घरात वीस-वीस वर्षं आधीपासून ठाऊक असायची. पगार वेळेवर, खर्च बेताचा आणि पुढे छप्पर नाही, अशा घरात बचतीला धार येते.

आधी पोस्ट, एलआयसी, मग यूटीआयची युनिट ६४. शेअर आले ते सत्तरीच्या शेवटी, फेरा कायद्यामुळे. १९७३ च्या त्या कायद्याने परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा साधारण चाळीस टक्क्यांवर आणावा लागला, म्हणून त्यांनी शेअर लोकांना विकायला काढले. किंमत ठरवायचा सरकारी नियंत्रक, आणि तो ती हात आखडून ठरवायचा. त्यामुळे टूथपेस्ट-साबणवाल्या बड्या कंपन्यांचे शेअर स्वस्तात पदरात पडले. १९७७ ला रिलायन्स आली. इश्यूला अर्ज करायला कुठलाही पेपर लागत नव्हता. बँकेत फॉर्मचा गठ्ठा असायचा. पेपर लागायला लागला तो शेअर हाती आल्यावर. घेतलेली वस्तू सांभाळायची कशी, हा प्रश्न तेव्हा पडला.

घरोघरी दोन पेपर तर ठरलेलेच. गावासाठी रायपूरहून निघणारा नवभारत किंवा देशबंधु, आणि मनासाठी नागपूरचा तरुण भारत किंवा लोकमत, जो गाडीने यायचा. दोन्हींत शेअरबाजार कोपऱ्यात, सोन्या-चांदीच्या भावाशेजारी. तिसरा पेपर इंग्रजी आणि नुसता पैशाचा, ही चैन होती. इकॉनॉमिक टाइम्स आणि फायनान्शियल एक्सप्रेस दोन्ही १९६१ चे, बिझनेस स्टँडर्ड कलकत्त्याचा, १९७५ चा. मासिक-पाक्षिकांत १९७८ पासूनचा बिझनेस इंडिया. पुढे दलाल स्ट्रीट जर्नल आणि कॅपिटल मार्केट आले. एका पगारात हे सगळं कोण घेणार? मराठी मंडळाच्या वाचनालयात एखादं तरी मागवावं असा ठराव प्लेट मिलवाल्यांनी मांडला होता. "मंडळाच्या पैशानं सट्टा नको," असं म्हणून तो फेटाळला गेला, आणि त्याऐवजी एक दिवाळी अंक वाढवण्यात आला. मंडळाचा तो निर्णय मला आजही चुकीचा वाटतो. त्या दिवाळी अंकाचं नावही कोणाला आठवत नाही.

म्हणून वाटणी झाली. आमच्याकडे रोजचा इकॉनॉमिक टाइम्स, रेल मिलवाल्यांकडे टपालाने येणारं पाक्षिक, कोक ओव्हनवाल्यांकडे बिझनेस इंडिया. प्लेट मिलवाले काही लावत नसत. ते तिन्ही वाचत आणि चहा त्यांच्याकडे. पेपर सकाळी आमच्याकडे, दुपारच्या शिफ्टवाल्याकडे दहाच्या सुमाराला, संध्याकाळी तिसऱ्याकडे. पोचवायचं काम आमचं, पोरांचं.

तो पेपर यायचा तोच मुळी शिळा. मुंबई किंवा कलकत्त्यात छापलेला गठ्ठा गाडीत चढणार, दुर्गला उतरणार, हॉकर तो उचलणार. गाडी लेट तर पेपर लेट. भाव परवाचे. त्यात आमच्या गावात शेअर विकायचा म्हणजे सबब्रोकर गाठायचा, ट्रान्सफर डीडवर सही करायची, सर्टिफिकेट रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायचं आणि सही जुळली नाही म्हणून ते परत आलं की पुन्हा तेच. जवळात जवळचं, तेव्हाच्या आपल्या राज्यातलं, म्हणजे मध्य प्रदेशातलं, शेअरबाजाराचं ठिकाण म्हणजे इंदूर. अशा गावी परवाचा भाव आणि आजचा भाव यांत फरक तो काय पडणार? म्हणून पेपर निवडताना "ताजा कोण" हा मुद्दा आमच्याकडे कधी आलाच नाही. आज बातमीची वर्गणी विकणारे सगळे आधी वेग विकतात. त्या पिढीला वेगाचं मोल शून्य होतं, त्यामुळे उरलेल्या गोष्टी त्यांना नीट दिसल्या.

बाबांना पेपरात काय हवं असायचं, तर नोटिसा. अग्रलेख नाही, मुलाखती तर नाहीतच. आतल्या पानांवर बारीक टायपात कंपन्यांच्या जाहीर सूचना असत: बुक क्लोजर कधी, राइट्स किती, डिबेंचरची परतफेड कोणत्या तारखेला, रजिस्ट्रारचा पत्ता बदलला. लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांबट वहीत त्यांनी रकाने आखले होते. कंपनी, फोलिओ, सर्टिफिकेट नंबर, बुक क्लोजर, डिव्हिडंड आला, डिव्हिडंड नाही आला. शेवटच्या रकान्यात खूण झाली की पोस्टकार्ड जायचं. नोटीस ब्लेडने कापायची, पण पेपर तीन घरांचा, म्हणून तिसऱ्या दिवसाआधी ब्लेड लावायचं नाही असा नियम होता. तरी एकदा भांडण झालंच. बाबांच्या सिमेंट कंपनीची नोटीस पानाच्या एका बाजूला आणि कोक ओव्हनवाल्यांच्या खत कंपनीची बरोबर तिच्या पाठीला. कोणाच्या वहीत चिकटवायची? शेवटी रेल मिलवाल्या काकूंनी एक बाजू हाताने उतरवून काढली, पत्त्यासकट, वळणदार अक्षरात. ती खतवाल्यांच्या वहीत गेली.

आईचा हिशेब वेगळा होता. तिचं म्हणणं, पेपरचा खर्च डिव्हिडंडमधून निघाला पाहिजे, पगारातून नाही. वर्षाअखेरीला ती डिव्हिडंडची बेरीज मांडायची, त्यातून हॉकरचं बिल वजा, रद्दीचे पैसे जमा. "अहो, दहा हजाराचे शेअर आणि पाचशेचा पेपर? म्हणजे शेकडा पाच टक्के तर वाचण्यातच चालले ना," असं ती म्हणाली होती. बाबांनी गणित पुन्हा करून पाहिलं. आईचं बरोबर होतं. त्या वर्षापासून पेपरचं बिल तीन घरांत वाटलं गेलं.

पेपर चांगला की वाईट, हे ठरवायची रीत मात्र रेल मिलवाल्या काकांची. ते म्हणायचे, "जे आपल्याले माहीत हाये, त्याच्यावर हा काय लिहितो ते आधी पाहा." कोणताही नवा पेपर किंवा पाक्षिकाचा नमुना अंक आला की काका त्यात आधी पोलादाचं पान उघडत. एकदा एका इंग्रजी पेपरात भिलाईच्या उत्पादनावर मोठा लेख आला होता. विस्तारानंतर प्लांटची क्षमता कच्च्या पोलादाची ४० लाख टन. त्यातून विक्रीयोग्य माल निघायचा साडेएकतीस लाखांच्या आसपास. लेखकाने दोन्ही एकच धरले होते आणि त्या आकड्यावर नफ्याचा अंदाज बांधला होता. काकांनी पेन्सिलीने आकडा गोल केला आणि पेपर बाबांकडे पाठवला. चिठ्ठी अशी: "साडेआठ लाख टन यानं हवेत उडवले. मग आपल्या सिमेंटवाल्याचं यानं लिहिलेलं कसं मानायचं?"

या परीक्षेत पूर्ण पास असा कोणीच होत नसे, पण नापास व्हायच्या तऱ्हा निराळ्या असत. कोणी आकडा चुके, पण पुढच्या अंकात दुरुस्ती छापी. काका त्याला चांगले मार्क देत. कोणी आकडा बरोबर देऊन अर्थ उलटा लावी. नव्वदीच्या अखेरीला रुळांतल्या हायड्रोजनचा प्रश्न आला. पोलादात हायड्रोजन जास्त राहिला तर रुळाला आतून बारीक चीर पडते आणि पुढे तो तुटू शकतो, म्हणून रेल्वेने मर्यादा कडक केली, दहा लाखांत १.६ भाग. प्लांटमध्ये ही चर्चा भट्टीपासून कँटीनपर्यंत. पेपरात मात्र तीन ओळी, त्याही मागणीच्या अंदाजात दडलेल्या. आम्ही पोरं तोवर कॉलेजात गेलो होतो आणि शहाणपणा शिकवायला लागलो होतो, की पेपरला एवढं तांत्रिक कसं कळणार. काकांचं उत्तर होतं की तांत्रिक न कळो, पण रेल्वे हे भिलाईच्या रुळांचं एकमेव मोठं गिऱ्हाईक आहे, आणि ते कुरकुरतंय एवढं तर कळायला हवं.

आता १९९२. २३ एप्रिलला शेअरदलाल हर्षद मेहताची भानगड बाहेर आली, स्टेट बँकेच्या पाचशे कोटींच्या हिशेबापासून. बातमी सुचेता दलाल यांची, आणि छापली होती टाइम्स ऑफ इंडियाने, म्हणजे तुमच्या-आमच्या साध्या पेपराने. आदल्याच दिवशी सेन्सेक्स ४४०० च्या वर होता. आमच्या तिन्ही वर्गण्यांनी त्याआधीचे कित्येक महिने एसीसी सिमेंटचा भाव दहा हजारांकडे कसा चालला आहे याची वर्णनं दिली होती. कोक ओव्हनवाले काका तणतणत आले, की पैशाचे पेपर आपण घ्यायचे आणि पैशाची बातमी जनरल पेपराने द्यायची, मग हे चालू कशाला ठेवायचे? वर्गणी बंद करायची सभा चहावर भरली. निर्णय झाला नाही, कारण कोणालाही दुसऱ्या दिवशीचा भाव बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. भावाच्या पानाशी माणसाला बांधून ठेवतं ते हेच. पडत्या बाजारात पेपर जास्त वाचला जातो.

त्यानंतरची तीन-चार वर्षं म्हणजे इश्यूंचा पूर. किंमत ठरवणारा नियंत्रक गेला, बाजारावर देखरेख करणारी सेबी नुकती कायद्याने उभी राहिली होती, आणि कोणीही उठून कंपनी काढत होतं. ग्रॅनाइट, कोळंबी, फुलं, सागवान. पेपर जाड झाले. एक चकचकीत पाक्षिक (नाव नको) आमच्या स्ट्रीटवर याच सुमाराला शिरलं: तीन वर्षांची वर्गणी भरा, ब्रीफकेस फुकट. त्यात प्रत्येक इश्यूला तारे दिलेले असत. एका उन्हाळ्यात रद्दी द्यायच्या आधी आईने तो गठ्ठा पुढ्यात घेतला आणि नुसती शेवटची ओळ वाचत गेली. अर्ज करा, अर्ज करा, लांब मुदतीसाठी अर्ज करा, जोखीम पत्करणाऱ्यांनी अर्ज करा. "हा कधी नाही म्हणतच नाही का जी?" तिने विचारलं. मग तिने मागच्या पानावरच्या जाहिराती बघितल्या. ज्यांना तारे, त्यांच्याच जाहिराती. आईला शेअरबाजारातलं काही कळत नव्हतं असं ती स्वतः सांगते. या एका दुपारच्या कामाने आमचे जेवढे पैसे वाचले तेवढे कुठल्याच सल्ल्याने वाचले नाहीत. त्या काळातल्या कितीतरी कंपन्या पुढे पत्त्यावर सापडेनाशा झाल्या. ते पाक्षिकही वर्गणीची मुदत संपायच्या आधी बंद पडलं. ब्रीफकेस मात्र टिकली.

जाहिरात आणि बातमी यांची ही सोयरीक पुढे आणखी वाढली. काही वृत्तसमूह जाहिरातींच्या बदल्यात कंपन्यांचे शेअरच घ्यायला लागले, तेव्हा सेबीने हरकत घेतली आणि २०१० साली असा हिस्सा बातमीत जाहीर करण्याचं बंधन आलं. आईला हे समजावून सांगितलं तेव्हा तिला नवल वाटलं ते एवढंच, की हे सांगायला सरकारला इतकी वर्षं लागली.

काकांच्या परीक्षेची मर्यादाही आम्ही पाहिली. शतक बदलत होतं तेव्हा आमचा प्लांट जिचा ती सरकारी कंपनी सेल तोट्यात होती, व्हीआरएसचे, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचे, फॉर्म निघाले होते आणि सेलचा दहा रुपयांचा शेअर दहाच्याही खाली लोळत होता. पोलादाचं ज्यांना सगळ्यात जास्त कळत होतं त्याच माणसांनी तो विकला. पेपरही वाईट लिहीत होते, आणि या वेळी पेपर आणि प्लांट एकमताने बोलत होते. २००७ च्या अखेरीला तोच शेअर अडीचशेच्या वर गेला. चीनची भूक भिलाईच्या गेटवरून दिसत नव्हती. काका हे प्रांजळपणे सांगत आणि पुढे जोडत की तपासायचं पेपराला असतं, भविष्याला तपासता येत नाही.

व्हीआरएसने आणखी एक गोष्ट केली. आयुष्यात कधी एकरकमी पैसा न पाहिलेल्या घरांत तो एका दिवसात आला. सुपेल्याच्या आणि सिव्हिक सेंटरच्या बाजूला एजंटांच्या पाट्या वाढल्या. डिसेंबर १९९९ मध्ये सीएनबीसी हे पैशाच्या बातम्यांचं चॅनल आपल्याकडे भारतीय अवतारात आलं होतं, २००५ ला त्याचंच हिंदी चॅनल 'आवाज' आलं. आता रिटायर माणूस सकाळी नऊला आंघोळ करून टीव्हीसमोर. भावांची पट्टी खालून पळतेय, वर चौघं बोलताहेत. चार घरांची वाटणी तिथेच मोडली, कारण टीव्ही प्रत्येकाचा स्वतःचा होता आणि भाव आता आजचा होता, या क्षणाचा होता. डीमॅटमुळे विकायला पोस्टही लागत नव्हतं. पूर्वी जो माणूस वर्षातून दोनदा व्यवहार करायचा तो आठवड्यातून दोनदा करू लागला. मला विचाराल तर त्या पिढीचं खरं नुकसान हर्षदने कमी केलं, त्या पळत्या पट्टीने जास्त. पण हे माझं मत, आकडा माझ्याकडे नाही.

आता बाबा भिलाईतच नेहरूनगरात असतात, भावंडं पुणे, बेंगळुरू आणि न्यू जर्सीत. वर्गण्यांचा खल मोबाइलवर चालतो. ईटी प्राइम घ्यावं, बिझनेस स्टँडर्ड घ्यावं की मिंट? दादाकडे एके काळी तिन्ही होते, कारण पहिलं वर्ष स्वस्तात मिळतं आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण दराने पैसे आपोआप कापले जातात. बाबांनी जुनीच मापं लावली. पाच लाखांच्या गुंतवणुकीवर अडीच हजारांची वर्गणी म्हणजे अर्धा टक्का. इंडेक्स फंडाच्या डायरेक्ट योजनेचा खर्च याहून कमी असतो, म्हणजे फंड चालवण्यापेक्षा फंडाबद्दल वाचणं महाग. नोटिसा तर आता पेपरात शोधायलाच नकोत. बुक क्लोजर, निकाल, संचालकाचा राजीनामा, वार्षिक अहवाल, सगळं दोन्ही मोठ्या शेअरबाजारांच्या साइटवर फुकट आणि त्याच दिवशी. मग पैसे कशाचे द्यायचे? कंपनीने जे सांगितलेलं नाही ते शोधून काढणाऱ्या बातमीदाराचे, असं ताईचं म्हणणं, आणि ते सर्वांनी मान्य केलं. म्हणून एक रोजचा पेपर ठेवला, तोही महिनाभर तपासून: स्वतःच्या चुका छापतो का, आणि कधीतरी "घेऊ नका" म्हणतो का. बाकी दोन दादाने रद्द केले. घेताना एक बटण दाबावं लागलं होतं, सोडताना मेल, फोन आणि "आपण का जात आहात" याची प्रश्नावली.

बेंगळुरूच्या नातवाची वर्गणी मात्र या यादीत नव्हतीच. ती नंतर कळली. टेलिग्रामवर ऑप्शनच्या टिपा देणारा कोणी एक, महिन्याला दोन हजार. सेबीची नोंदणी विचारल्यावर त्याने विषय बदलला. २०१३-१४ पासून सल्लागारांना आणि संशोधन विश्लेषकांना नोंदणी सक्तीची आहे, हे नातवाला ठाऊक नव्हतं. बाबांनी त्याला सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास वाचायला लावला. तीन वर्षांत एक कोटीहून जास्त व्यक्तींनी फ्युचर-ऑप्शनमध्ये व्यवहार केले, त्यांतल्या ९३ टक्क्यांनी पैसे घालवले, सरासरी दोन लाखांच्या घरात. नातवाने स्वतःचं खातं उघडून बेरीज केली, बराच वेळ काही बोलला नाही आणि मग चॅनल सोडलं. तो अहवाल फुकट होता, हे बाबांनी त्याला त्याच फोनवर दोनदा सांगितलं.